बाथरूमचं दार, ०.७५

नकाशा एवढा मोठा होता की जेवणाच्या टेबलावर मावेना. शेवटी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली, तिच्यावर तो उलगडला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या पालथ्या घातल्या. आमच्या सोसायटीच्या नव्या इमारतीचा तो नकाशा महापालिकेत दाखल व्हायला आठ दिवस उरले होते. मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणून एक प्रत माझ्याकडे आली होती. आधी आमचं घर शोधलं. मग त्यातली सासूबाईंची खोली, आणि तिथून बाथरूमपर्यंतची वाट. बाथरूमच्या दाराशी बारीक अक्षरात ०.७५ लिहिलेलं होतं.

म्हणजे पाऊण मीटर. त्यातून दोन्ही बाजूंची चौकट वजा केली की साधारण ६३ सेंटिमीटर उरतात. सासूबाईंची चाकांची खुर्ची मी त्याच रात्री टेपने मोजली. साडेत्रेसष्ट भरली.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, १९७९ सालची. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर सहा घरं, एकूण २४. लिफ्ट नाही. ज्यांनी ही घरं घेतली ते तेव्हा तिशीतले होते, पाण्याच्या कळश्या घेऊन धावत जिना चढायचे. आता २४ पैकी १७ घरांत पासष्टीच्या पुढचं कोणी ना कोणी आहे, आणि त्यातल्या आठ घरांत फक्त म्हातारी माणसंच राहतात. मुलं ठाण्याला, पुण्याला, कोणाची परदेशात. सासूबाई ८६ वर्षांच्या. २०१९च्या पावसाळ्यात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या त्या मोजून चार वेळा. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं, दोघा मुलांनी पुढून-मागून उचलायचं. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलायची आणि त्या डोळे मिटून कठड्याकडे हात लांबवायच्या. "आजी, हात आत घ्या," असं मुलं दर वळणावर सांगायची.

दुरुस्ती करायची की पुनर्विकास, हा वाद आमच्याकडे बरीच वर्षं चालला. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाप्रमाणे बंधनकारक आहे. ती झाली, इमारत सी-२ वर्गात आली. सी-१ म्हणजे धोकादायक, ताबडतोब रिकामी करा. सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती करून राहा. दुरुस्तीचा खर्च माणशी किती येतो ते सभेत वाचून दाखवलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकच विचारलं: "एवढे पैसे घातले तरी लिफ्ट नाहीच ना येणार?" त्यानंतर दुरुस्तीचं नाव कोणी काढलं नाही.

पण जमीनच सोसायटीच्या नावावर नव्हती. मुंबईत हे घरोघरचं दुखणं आहे. घरं विकून झाली की मूळ बिल्डर जमिनीचं अभिहस्तांतरण करायला विसरतो, आणि चाळीस वर्षांनी त्याचे वारस शोधत फिरावं लागतं. आम्हाला कोणीच सापडलं नाही. घर घेणाऱ्यांसाठीच्या मोफा कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरशिवायही जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची सोय आहे, तिच्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला. २४ घरांचे करारनामे जमवायचे होते, त्यातले तीन सापडेनात. एक शेवटी एका आजींच्या देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत मिळाला, लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवलेला. या सगळ्यात चौदा महिने गेले. मी चौतीस वर्षं पोस्टात काढली आहेत, कागदाला कागद जोडून पाठपुरावा करायची सवय आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

पहिला बिल्डर आला २०२१ साली. सरकारने त्या वर्षी बांधकामावरच्या प्रीमियममध्ये, म्हणजे जादा बांधकामासाठी भरायच्या शुल्कात, ५० टक्के सवलत दिली होती, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत. ती सवलत धरून त्याने आम्हाला मोठमोठे आकडे दाखवले. मुदतीत त्याचं काम झालं नाही आणि जानेवारीपासून तो फोन उचलेनासा झाला. आमचे नऊ महिने गेले. तेवढ्या काळात इमारतीतली दोन माणसं गेली. दोघांनीही नव्या घराच्या कागदावर सगळ्यात आधी सही केली होती.

दुसऱ्या वेळी आम्ही एकही पायरी गाळली नाही. सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखाली ४ जुलै २०१९चा शासन निर्णय आहे. कुठल्याही सोसायटीने पुनर्विकासाचा विचार सुरू केल्यावर आधी तो छापून घ्यावा, असं मी कळकळीने सांगेन. सभेला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत, म्हणजे आमचे सोळा. बिल्डर ठरवायला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, म्हणजे तेरा. उपनिबंधक कार्यालयाचा माणूस समोर बसतो, सभेचं चित्रीकरण होतं. प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी बिल्डरने द्यायची असते.

आमचं घर सासूबाईंच्या नावावर, त्यामुळे मत त्यांचं. सभा जवळच्या शाळेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवली. चार वेळा उतरल्या म्हटलं, त्यातली ही एक. पहिल्या रांगेत बसल्या होत्या, अंगावर ठेवणीतलं इरकली लुगडं. नाव पुकारल्यावर कॅमेऱ्याकडे बघत हात वर केला, आणि पुढची दोन नावं होऊन गेली तरी खाली घेईनात. मीच हळूच धरून खाली आणला. २४ पैकी २२ जणांनी होकार दिला.

हिशोब सगळ्यांना कळावा म्हणून आम्ही नेमलेल्या पीएमसीच्या, म्हणजे प्रकल्प सल्लागार संस्थेच्या बाईंनी तो फळ्यावर मांडला. भूखंड १,००८ चौरस मीटरचा, समोरचा रस्ता ९ मीटरचा. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, आणि टीडीआर म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क; रस्ता ९ मीटरच्या आत असता तर वरचा एफएसआय आणि टीडीआर मिळालाच नसता आणि कुठलाही बिल्डर आमच्याकडे फिरकला नसता. दोन इंच इकडे-तिकडे झाले असते तर काय, या विचाराने मला रात्रभर झोप नव्हती, रस्त्याची रुंदी सांगणारा पालिकेचा डीपी रिमार्क हातात पडल्यावर आली. २०१८पासून लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७)(ब) म्हणून नियम आहे. तीस वर्षांवरच्या सोसायटीला चालू बांधकामाच्या १५ टक्के किंवा घरटी १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल तेवढं वाढीव बांधकाम प्रीमियम न भरता मिळतं. आमचे १५ टक्के म्हणजे १५१, आणि २४ घरांचे दहा-दहा म्हणजे २४०. छोट्या घरांच्या इमारतीला हा दुसरा हिशोब तारतो. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वरचं आणखी बांधकाम. यातूनच आमची ३८० चौरस फुटांची घरं ५१० होणार होती, आणि उरलेली घरं विकून बिल्डर आपला खर्च आणि नफा काढणार होता.

इथपर्यंत सगळे आकडे चौरस फुटात चालले होते. घर केवढं, मधल्या काळाचं भाडं किती, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम किती. मीही त्याच आकड्यांत बुडाले होते. त्या ०.७५वर नजर पडली आणि माझ्या लक्षात आलं, गेली तीन वर्षं आपण किती मिळणार एवढंच बोलतोय. मिळालेल्या घरात चालायचं कसं, हे कोणीच विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या आर्किटेक्टला फोन केला. तरुण माणूस, बोलायला नम्र. म्हणाला, "काकू, नियमात बसतंय. पालिकेला चालतं." तो खोटं बोलत नव्हता. पालिकेच्या छाननीत क्षेत्रफळाची गणितं बघतात, चारी बाजूंची मोकळी जागा, उजेड-वारा, जिन्याची रुंदी, पार्किंग, आगीच्या वेळची सोय. घरातल्या बाथरूमच्या दाराबद्दल आमच्या फाइलवर शेवटपर्यंत कोणी काही विचारलं नाही. त्यात कोणाची चूक आहे असंही मला वाटत नाही. घरात कोण राहणार हे नकाशावर लिहिलेलं नसतं.

त्या संध्याकाळी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. खडू, टेप आणि चाकांची खुर्ची एवढंच नेलं होतं. नकाशावरून मापं घेत आम्ही नवं घर गच्चीच्या फरशीवर जसंच्या तसं आखलं. भिंती खडूच्या रेघांच्या, दारं मोकळी. तळमजल्यावरच्या मास्तरांनी काटकोन लावून दिले, त्यांचा हात अजून फळ्यावर चालतो तसाच चालतो. पलंग कुठे येईल तिथे चटई टाकली. बाथरूममध्ये कमोडच्या जागी उपडी बादली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू स्वतःहून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ढकला मला."

खुर्ची पलंगापाशी वळली. पॅसेजमधून सरळ आली. बाथरूमच्या दाराशी चाक रेघेवर चढलं. मागे घेतली, तिरकी करून घातली, तर दुसरं चाक रेघेवर. मास्तरांच्या मिसेस गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालतात, त्या आत गेल्या खऱ्या, पण वॉकर बादलीला अडला आणि त्यांना वळता येईना. त्यांनी पाठमोऱ्याच एकेक पाऊल मागे घेत बाहेर यायचा प्रयत्न केला आणि मध्येच मास्तरांच्या खांद्याला धरलं. गच्चीवर कोणी बोलेना. इतके दिवस 'पाचशे दहा' म्हणून ऐकलेलं घर सगळ्यांनी पहिल्यांदाच पायाखाली बघितलं होतं. मग जो तो आपापली अडचण सांगायला लागला. स्वयंपाकघराच्या आणि सुक्या बाल्कनीच्या मधला उंबरठा, लिफ्टसमोरची एक पायरी, स्टिल्टमध्ये, म्हणजे खालच्या खांबांच्या मोकळ्या मजल्यावर, यांत्रिक पार्किंगच्या खांबांमधून फाटकापर्यंत जायला उरलेली चिंचोळी वाट. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही वर होतो. कोणीतरी खालून चहाचा थर्मास आणला.

नकाशाबरोबर कन्सेशनच्या अर्जाचा मसुदाही माझ्याकडे आला होता. जुन्या भूखंडावर नियमाएवढी मोकळी जागा सुटत नाही, तेव्हा ती कमी सोडायची परवानगी प्रीमियम भरून मागावी लागते. ही सवलत मंजूर करायचा अधिकार आयुक्तांचा. अर्जात अडचण काय ते सांगावं लागतं, आणि आमच्या अर्जातलं पहिलं कारण होतं: सोसायटीत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने राहतात, जिन्यामुळे त्यांचे हाल होतात, म्हणून प्रकल्प लवकर मार्गी लागणं गरजेचं आहे. खरंच होतं ते. पण वाचताना माझा आवाज चढला. आमचं म्हातारपण अर्जात आहे, मग नकाशात का नाही? सवलत ज्यांच्या नावाने मागताय त्यांना बाथरूममध्ये जाता येत नाही.

मी हेच वाक्य आर्किटेक्ट आणि बिल्डर या दोघांसमोर म्हटलं, आणि पीएमसीच्या बाईंनी बॅगेतून महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं परिपत्रक काढून टेबलावर ठेवलं. २०२४ साली महारेराने ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या गृहप्रकल्पांची किमान मानकं ठरवून दिली. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, त्यातही सरकती असली तर उत्तम. चाकांची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, तिच्यात दिसणारी आणि ऐकू येणारी सूचना. घसरणार नाही अशी फरशी, बाथरूममध्ये धरायला दांडे, पायऱ्यांऐवजी उतार, वीज गेली तरी चालणारी व्यवस्था. बिल्डरचा वकील लगेच म्हणाला की हे फक्त 'ज्येष्ठांची घरं' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना लागू आहे. बरोबर आहे. आमच्यासारख्या साध्या सोसायटीवर ते बंधनकारक नाही. आम्ही म्हटलं, मग करारात घाला, म्हणजे होईल.

तीन बैठका झाल्या. सगळ्यात जास्त ताण लिफ्टवर पडला. नकाशात एकच लिफ्ट होती, सहा माणसांची. आम्हाला दोन हव्या होत्या आणि त्यातली एक स्ट्रेचर आडवं जाईल एवढी. लिफ्टचा आणि जिन्याचा भाग एफएसआयमधून वगळून घ्यायला वेगळा प्रीमियम लागतो, शिवाय प्रत्येक मजल्यावरची तेवढी जागा जाते, म्हणून बिल्डर अडून बसला. मास्तर त्या दिवशी बैठकीला होते. ते म्हणाले, "आमच्या इमारतीतून गेल्या दहा वर्षांत अकरा माणसं दवाखान्यात नेली. सगळी चादरीत घालून नेली. मी स्वतः सहांचं टोक धरलंय." बिल्डर बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग आर्किटेक्टला म्हणाला, "दुसरी बसव." हा माणूस व्यवहाराला कडक आहे, पण त्या दिवशी ऐकलं हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

दारासाठी बाथरूमची एक भिंत सहा इंच सरकली आणि बेडरूम तेवढीच लहान झाली. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने हरकत घेतली. त्यांना मोठी बेडरूम हवी होती, मुलाचं अभ्यासाचं टेबल बसवायचं होतं. मला त्यांचं म्हणणं पटत होतं. शेवटी पुनर्वसनाच्या २४ घरांपैकी ज्यांनी लिहून दिलं त्या १९ घरांना रुंद दार, बाकीच्या पाचांना जुन्याच मापाचं. एकावर एक येणारी घरं जुळवायला आर्किटेक्टला सगळं वाटप पुन्हा मांडावं लागलं. स्टिल्टमध्ये मात्र हरलो. सभासदांच्या घरांना दोनाला एक या नियमाने १२ गाड्या आणि विक्रीच्या घरांच्या त्याहून जास्त, त्यात बसायला ओट्याची जागा निघेना. फाटकाशी सिमेंटचा एक बाक, एवढंच मिळालं.

मग फाइल पालिकेत गेली. प्रस्ताव ऑनलाइन, आर्किटेक्टच्या लॉगिनमधून दाखल होतो, सोसायटीला तो विचारून विचारूनच कळतो. मी दर सोमवारी सकाळी अकराला फोन करायचे आणि वहीत तारीख घालून उत्तर लिहून ठेवायचे. या मधल्या काळातला एकच टप्पा आम्हाला डोळ्यांनी दिसला, तो झाडांचा. मुंबईत झाड तोडायला १९७५च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि त्याआधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. एका सकाळी आवारातल्या झाडांवर नोटिसा लागलेल्या दिसल्या. त्यातला फणस सासूबाईंनी लावलेला, राहायला आल्या त्याच वर्षी. खिडकीतून त्यांना फक्त त्याचा शेंडा दिसतो. त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि हरकत स्वतःच्या हाताने लिहिली. मोजून चार ओळी. झाड कधी लावलं, किती फणस देतं, आणि ते पुढच्या मोकळ्या जागेत आहे, इमारतीच्या आड येत नाही, तरी ठेवावं. पाहणीला आलेल्या उद्यान खात्याच्या साहेबांनी तेच सांगितलं. आड येत होती ती पाण्याची भूमिगत टाकी, ती बाजूला सरकवली. फणस राहिला.

२०२४च्या डिसेंबरात आयओडी आली. आजोबा मंडळींपैकी एकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलं पान वाचलं आणि घाबरून मला फोन केला, "अहो, नामंजूर झालं की!" कागदावर खरंच तसंच छापलेलं असतं, 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल'. १८८८च्या महापालिका कायद्यातलं ३४६ कलम आहे ते. अर्थ असा की खालच्या अटी पूर्ण होईपर्यंत मंजुरी नाही, आणि अटी पूर्ण केल्या की पुढे काम सुरू करायचं प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. अटींची पानंच्या पानं. पाणी, मलनिःसारण, अग्निशमन, झाडं, डास होणार नाहीत अशी टाकीची झाकणं. मी त्या रात्री २४ घरांत फोन करून हे एकेकाला सांगितलं. मंजुरीसाठी आयुष्यभर वाट बघितलेल्या माणसाच्या हातात 'नामंजुरी' शब्दाचा कागद द्यायचा आणि समजावायला कोणी नाही, हे बरं नव्हे.

सभेत दोघांनी संमती दिली नव्हती, त्यातले एक परदेशी होते, त्यांनी नंतर मेलवर कळवलं. दुसरे भाऊकाका, ८१ वर्षांचे, एकटे. वकील म्हणाले, बहुमताचा निर्णय सगळ्यांवर बंधनकारक असतो, कोर्टातून घर रिकामं करून घेता येईल. ते कायद्याने बरोबरच. पण ज्यांच्याबरोबर पंचेचाळीस गणपती बसवले त्यांच्या दाराशी कोर्टाचा माणूस पाठवायला कमिटीतलं कोणीच तयार नव्हतं. मी त्यांच्याकडे सहा वेळा गेले. पाच वेळा त्यांनी चौरस फुटांवर वाद घातला. सहाव्या वेळी चहा ठेवता ठेवता म्हणाले, "मी भाड्याच्या घरात गेलो, म्हणजे वारलो, तर या घराचं काय? पोरीला मिळेल का, का तुम्ही सगळे मिळून बिल्डरला द्याल?"

एवढंच होतं मनात. नॉमिनेशनचा फॉर्म त्यांनी भरलेला होता, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे असं कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे भीती. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं मृत्युपत्र करून घेतलं, डॉक्टरच्या दाखल्यासकट. आणि सगळ्यांच्याच करारात एक कलम घातलं: मधल्या काळात सभासद वारला तर भाडं एक महिनाही न थांबता वारसाच्या खात्यात, आणि घर त्याच मजल्यावर, त्याच नंबरचं. वैयक्तिक करारावर पुन्हा मोठी स्टॅम्प ड्युटी पडेल ही त्यांची दुसरी शंका. २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिलाय, मूळ विकास करारावर ड्युटी भरलेली असली की मिळणाऱ्या बदली घराच्या करारावर नाममात्र रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही. भाऊकाकांनी तो निकाल माझ्याकडून वाचून घेतला आणि कमिटीच्या टेबलावर येऊन सही केली.

घर सोडण्याबद्दल कोणी आधी सांगत नाही ते हे, की म्हाताऱ्यांना भाड्याने घर मिळत नाही. फोनवर सगळं ठरायचं, वय कळलं की मालक मागे सरायचा. लिफ्ट किंवा तळमजला हवा, दवाखाना जवळ हवा, आणि महिना २८,००० रुपयांत बसायला हवं. वर हे करार अकरा महिन्यांचे. दर अकरा महिन्यांनी ८६ वर्षांच्या बाईला बिऱ्हाडासकट हलवायचं? आम्ही बिल्डरकडून लिहून घेतलं की सत्तरीच्या वरच्या सभासदांसाठी ३३ महिन्यांचा नोंदणीकृत करार तोच करून देईल, दलाली त्याची, आणि मध्ये घर सोडावं लागलं तर हलवायचा खर्चही त्याचा. बारा घरांना त्याचा उपयोग झाला. भाऊकाकांना त्याच गल्लीत तळमजल्याचं घर मिळालं.

२०२५च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. सासूबाई शेवटच्या उतरल्या, प्लॅस्टिकच्याच खुर्चीतून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी मुलांना थांबायला सांगितलं, कठड्यावर हात ठेवला, आणि या वेळी कोणी हात आत घ्या म्हणालं नाही.

सध्या सहाव्या स्लॅबचं काम चालू आहे. फणसाला पत्र्याचं कुंपण घातलंय. मागच्या महिन्यात साइटवरच्या इंजिनिअरने दुसऱ्या मजल्यापर्यंत वर जायला परवानगी दिली, हेल्मेट घालून. टेप पर्समध्येच होती. ब्लॉकच्या भिंतीत बाथरूमच्या दाराची फट ९०० भरली. पण आत बघितलं तर बाथरूमची जमीन खोलीपेक्षा चांगली दोन इंच खाली धरलेली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून असं करतात, तो म्हणाला. मी विचारलं, खुर्ची दोन इंच कशी उतरणार आणि परत कशी चढणार? फरशी बसायच्या आत भराव घालून बारीक उतार देता येईल, असं त्याचंच म्हणणं पडलं, मात्र तसं लेखी यायला हवं. पत्र मी त्याच संध्याकाळी दिलं, सोबत गच्चीवरच्या त्या खडूच्या आखणीचा फोटो जोडून. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी अकराला फोन करणार आहे.